तो थांबला कुठं, हे कोण बघतं?

‘‘तू कंपनीत तपासायचंच काम करतेस ना? मग मला एवढं सांग. तो किरण माझ्या डोक्यात गेला आणि बरोबर जागी थांबला, हे बघतं कोण?’’

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. वीकएंडला म्हणून पिंपळगाव बसवंतला गेले होते. बाहेर भुरभुर पाऊस, ओट्यावर काका, मधे चहाचे दोन कप आणि एक जाडजूड फाइल. काकांच्या नाकामागे, कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची गाठ निघाली होती. दुर्मीळ प्रकार. हळू वाढते, पण सहजी सोडत नाही. नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन झालं, बरीचशी गाठ निघाली. मेंदूच्या देठाला, म्हणजे ब्रेनस्टेमला चिकटलेला तुकडा मात्र सर्जननं मुद्दामच ठेवला. तिथं हात लावणं म्हणजे श्वास, गिळणं, चालणं, सगळंच पणाला लावणं. उरलेल्या तुकड्यासाठी प्रोटॉन थेरपी सुचवली होती. खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आठ वर्षं झाली. लोकांनी बिलं भरायच्या आधी त्या अ‍ॅपमध्ये चुका शोधायच्या, त्याचा पगार मिळतो. त्यामुळे ‘काका, ते कॉम्प्युटर बघतो’ असं मी अगदी कॉन्फिडन्समध्ये ठोकून दिलं.

‘‘कॉम्प्युटरला डोळे असतात का?’’ काकांनी चहाचा घोट घेत विचारलं.

बोलती बंद. बॉसच्या प्रश्नांना टोलवता येतं. पाच एकर द्राक्ष सांभाळणाऱ्या माणसाला नाही टोलवता येत. कारण हा माणूस आयुष्यभर मोजमापच करत आलाय. मण्याची गोडी जिभेनं सांगायचे दिवस गेले. काकांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, रस थेंबभर टाकायचा आणि ब्रिक्स वाचायचा. मण्याचा घेर मिलिमीटरमध्ये. युरोपला माल पाठवायचा तर औषधाचा अंश किती उरला, त्याचा लॅबचा रिपोर्ट. व्यापारी म्हणाला ‘माल बारीक आहे’, की काका माप काढून त्याच्यासमोर धरतात. अशा माणसाला ‘मशीन एकदम अचूक आहे हो’ या ब्रोशरछाप वाक्यावर डोकं टेकवायला सांगणं मला जमेना.

मग मीच कामाला लागले. आता वाटतं, काकांनी विचारलेला प्रश्न त्या अख्ख्या टेक्नॉलॉजीतला सगळ्यात अवघड प्रश्न होता.

किरण मारलेला कांदा

आमच्या भागात रेडिएशन हा शब्द तसा परका नाही. निफाड तालुक्यातच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं ‘कृषक’ आहे. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण कांद्यावर सोडले की साठवणीत त्याला कोंब फुटत नाही. अमेरिकेनं 2007 साली भारतीय हापूसला दार उघडलं, तेव्हा त्या आंब्यांवर प्रक्रिया झाली तीही इथंच. त्यामुळे काकांच्या पिढीला ‘किरण मारणे’ हे औषध मारण्याइतकंच घरगुती वाटतं.

रेडिएशनचा डोस ‘ग्रे’मध्ये मोजतात. कोंब रोखायला कांद्याला साधारण 60 ते 90 ग्रे लागतात. आणि काकांच्या गाठीला किती द्यायचे ठरले होते? 74. म्हणजे कांद्याच्याच पट्ट्यात! हे सांगितल्यावर काका पहिल्यांदाच हसले. ‘‘म्हणजे मलाही परत कोंब फुटू नये म्हणूनच की.’’

फरक एवढाच, की कांदा अख्खा भाजून निघाला तरी तक्रार करत नाही. माणसाच्या अख्ख्या अंगाला चार-पाच ग्रे एकदम बसले, तर उपचार मिळाले नाहीत की निम्मी माणसं वाचत नाहीत. म्हणून काकांचे 74 ग्रे एका दिवसात नाही, रोज दोन याप्रमाणे सदतीस दिवसांत. आणि तेही फक्त गाठीला. शेजारच्या ब्रेनस्टेमला सोसवणारी मर्यादा आतल्या भागात 54 ग्रेच्या आसपास धरतात. गाठ आणि देठ यांच्यात अंतर काही मिलिमीटर. काकांच्या भाषेत, घडावर औषध बसलं पाहिजे आणि देठाला थेंब लागता कामा नये.

आठवडे बाजारातला प्रोटॉन

नेहमीच्या रेडिएशनमध्ये एक्स-रे वापरतात. तो शरीरात शिरतो, गाठीतून जातो आणि पलीकडून बाहेर पडतो. वाटेत सगळ्यांना थोडं थोडं वाटत जातो. प्रोटॉनचा फंडा वेगळा. तो ठराविक खोलीवर थांबतो. बस्स, एवढ्या एका गुणासाठी हा सगळा खटाटोप.

का थांबतो, हे काकांना समजवायला मला आठवडे बाजार उपयोगी पडला. घाईत निघालेला माणूस बाजारातून झपझप जातो, फारसा खर्च करत नाही. दमला, चाल मंदावली, की दुकानं दिसायला लागतात. इथं दहा, तिथं वीस. शेवटच्या दुकानात तर खिसा पूर्ण रिकामा करतो. त्याच्या पुढच्या दुकानदाराला रुपयाही मिळत नाही. प्रोटॉनचं तंतोतंत असंच. वेगात असताना वाटेतल्या पेशींना तो कमी ऊर्जा देतो, हळू होत गेला की जास्त आणि थांबायच्या तोंडाशी सगळ्यात जास्त. या शेवटच्या उसळीला ब्रॅग पीक म्हणतात. विल्यम हेन्री ब्रॅगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अल्फा कणांमध्ये ती पाहिली. 1946 मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं, जो युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता, हे कॅन्सरसाठी वापरता येईल असं लिहिलं. 1954 साली बर्कलेला पहिल्या पेशंटवर वापर झाला. अमेरिकेत हॉस्पिटलच्या आवारातलं पहिलं प्रोटॉन सेंटर यायला मात्र 1990 उजाडलं, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाला. भारतात चेन्नईचं अपोलो 2019 ला सुरू झालं. खारघरच्या सुविधेचं राष्ट्रार्पण 11 मे 2023 ला झालं. तिथं उपचारांच्या तीन खोल्या आहेत, प्रत्येकीत पेशंटभोवती फिरणारी अवाढव्य गॅन्ट्री.

प्रोटॉन किती खोल जाणार हे त्याच्या ऊर्जेवर ठरतं. 70 एमईव्ही दिली तर पाण्यात चारेक सेंटीमीटर. 230 एमईव्ही दिली तर बत्तीसेक सेंटीमीटर आणि तेव्हा त्याचा वेग असतो प्रकाशाच्या साठेक टक्के. सायक्लोट्रॉन नावाचं शेकडो टन वजनाचं यंत्र हा वेग देतं. पेशंटपर्यंत येते ती पेन्सिलीसारखी बारीक धार. चुंबकानं ती इकडे-तिकडे वळवत, ऊर्जा कमी-जास्त करत, गाठ ठिपक्या-ठिपक्यानं भरून काढायची. एका पेशंटला हजारो ठिपके. एकेक ठिपका काही मिलिसेकंदांचा.

ऐकायला सॉलिड वाटतं. पण काकांचा प्रश्न तिथंच. बघतं कोण?

नोझलमधला भुईकाटा

माझी एक कॉलेजची मैत्रीण मेडिकल फिजिसिस्ट आहे. एमएस्सी झाल्यावर तिनं बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ‘म्हणजे नक्की काय करणार गं?’ म्हणून तिची खेचली होती. खारघरशी तिचा संबंध नाही, ती दुसरीकडे काम करते. वाशीच्या एका कॅफेत तिला गाठलं. तीन तासांत तिनं चार टिश्यूपेपर आकृत्यांनी भरले आणि माझी कोल्ड कॉफी गरम झाली.

पहिली गंमत म्हणजे, रेडिएशन जाणवत नाही. 60 ग्रे हा जबरदस्त डोस. पण त्यानं पाणी तापतं किती? अंशाच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकं. घोटभर चहा त्याहून जास्त उष्णता देतो. पेशंटला कळत नाही, टेक्निशियनला दिसत नाही. डिटेक्टर सांगेल तेवढंच आपल्याला ठाऊक.

प्रोटॉन मशीनच्या ज्या तोंडातून धार बाहेर पडते, त्याला नोझल म्हणतात. (हे ऐकून काका खूश. त्यांच्या ब्लोअरलाही नोझलच.) त्या नोझलमध्ये धारेच्या वाटेवर आयन चेंबर बसवलेले असतात. रचना अगदी साधी: दोन अतिपातळ पापुद्रे, मधे गॅस किंवा साधी हवा आणि पापुद्र्यांना बऱ्यापैकी व्होल्टेज. प्रोटॉन जाता जाता हवेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, तो विद्युतभार पापुद्र्यांवर गोळा होतो आणि मोजला जातो. प्रोटॉनला याची खबरही नसते. 150 एमईव्हीच्या प्रोटॉनची एक सेंटीमीटर हवेत जाणारी ऊर्जा किती? दीड लाख रुपये घेऊन निघालेल्या माणसाचे सहाएक रुपये. पण त्या सहाएक रुपयांतून प्रत्येक प्रोटॉनमागं दीड-दोनशे इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रोटॉन असतात कोट्यवधी. मोजायला भरपूर.

हे म्हणजे आमच्या बाजार समितीजवळचा भुईकाटा. ट्रॅक्टर आत जाताना काट्यावरून जातो, पावती फाटते, ट्रॅक्टर पुढं जातो. ठिपक्याचा ठरलेला कोटा पूर्ण झाला, की चेंबर ओरडतो आणि धार पुढच्या ठिपक्याकडे वळते. काही चेंबरमध्ये पापुद्र्यांच्या जागी आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. कुठल्या पट्टीवर जास्त भार आला यावरून धार कुठून गेली हेही कळतं. ठरलेल्या जागेपासून ती एक-दोन मिलिमीटर सरकली, की बीम बंद. कुणाला विचारायचं नाही, आधी बंद.

आणि काटे एक नाही, दोन. दोन्हींची इलेक्ट्रॉनिक्स वेगळी. पहिला झोपला तर दुसरा थांबवतो. टेस्टर म्हणून हे ऐकताना मला जे बरं वाटलं, ते कुठल्याही ‘वर्ल्ड क्लास’ शब्दानं वाटलं नसतं.

शिवाय रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, फिजिसिस्ट मंडळी मशीनसमोर स्वतःचे डिटेक्टर मांडतात. खोली मोजायला एकामागे एक रचलेल्या चेंबरची थप्पी. आकार बघायला हजारावर बारीक चेंबरांचा चौकोनी पाट, नाहीतर प्रोटॉन पडला की चमकणारा पडदा आणि त्याच्यामागे कॅमेरा. प्रत्येक पेशंटचा प्लॅन आधी पाण्यावर किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर चालवून बघायचा. हे बरंचसं काम पेशंट गेल्यावर, रात्री होतं. आपण रिलीजच्या आदल्या रात्री पिझ्झा मागवून बसतो ना, तसंच. फक्त यांचा रिलीज रोज असतो.

मालफंक्शन 54

तरीही माझं समाधान होईना, कारण टेस्टिंगमधे पडलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. थेरॅक-25 ची. कॉम्प्युटरवर चालणारं रेडिएशन मशीन. ते प्रोटॉनचं नाही, इलेक्ट्रॉन आणि एक्स-रेचं होतं. 1985 ते 87 या काळात अमेरिका-कॅनडात त्यानं सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला. आम्हाला शिकवतात तो भाग सॉफ्टवेअरचा: ऑपरेटरनं स्क्रीनवरची चूक पटकन दुरुस्त केली आणि त्या घाईत प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांना चुकले. जुन्या मॉडेलला धोका झाल्यास बीम तोडणारी स्वतंत्र हार्डवेअरची कुलुपं होती. ती नव्यात काढून टाकली होती.

मैत्रिणीनं मला याच गोष्टीतला न शिकवलेला भाग सांगितला. मार्च 1986, टेक्सासमधलं टायलर गाव. पेशंटला साधारण 1.8 ग्रे द्यायचे होते. मागाहून काढलेला अंदाज 165 ते 250 ग्रे, तेही सेकंदाच्या आत. आणि स्क्रीनवर काय आलं? ‘मालफंक्शन 54’. त्याच्यासोबत आकडा: 202 युनिट मागितली होती, 6 दिली गेली. म्हणजे कमी डोस! ऑपरेटरला वाटलं मशीन अडखळलं, तिनं पुन्हा बटण दाबलं. खोलीतला कॅमेरा आणि इंटरकॉम त्या दिवशी चालू नव्हते. पाच महिन्यांनी तो पेशंट गेला.

आयन चेंबरनं इतका कमी आकडा का दाखवला? कारण धार इतकी दाट होती की चेंबर गुदमरला. सुटलेले भार पापुद्र्यापर्यंत पोचण्याआधीच एकमेकांत मिसळून गेले. डिटेक्टर बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालू राहिला आणि चुकीचं, शिवाय धीर देणारं, बोलला.

ही जुनी भानगड आहे म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सध्या या क्षेत्रात ज्याचा बोलबाला आहे ते ‘फ्लॅश’ म्हणजे अख्खा डोस सेकंदाच्या अंशात देणं. 2020 साली सिनसिनाटीत प्रोटॉननं माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. त्यात निरोगी पेशींना कमी इजा होते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण इतक्या दाट धारेत नेहमीचा आयन चेंबर पुन्हा कमी मोजायला लागतो. त्यामुळे नवीन डिटेक्टर शोधणं हा तिथं निम्मा धंदा झालाय.

काकांना मी टायलरची गोष्ट सांगितली नाही. तेवढी अक्कल होती.

काट्याच्या पलीकडे

पण सांगितलं ते हे, की भुईकाटा फक्त दारापर्यंतचं बघतो. किती माल गेला, कुठल्या दारानं गेला. आत तो कुठं उतरला, हे पावतीवर नसतं. आयन चेंबर पेशंटच्या बाहेर असतो. प्रोटॉन शरीरात थांबतो आणि थांबलेला प्रोटॉन बाहेर येऊन ‘पोचलो बरं का’ असं सांगत नाही. एक्स-रे निदान पलीकडून बाहेर तरी पडतो, तिथं डिटेक्टर ठेवता येतो. प्रोटॉनचा जो गुण, तोच त्याला पाहण्यातला अडथळा.

मग तो कुठं थांबेल, हे आधीच हिशेबानं काढायचं. त्यासाठी पेशंटचा सीटी स्कॅन घेतात. पण सीटी हा एक्स-रेचा फोटो. त्यावरून प्रोटॉनला हाड किती अडवेल, चरबी किती, स्नायू किती, हे भाषांतर करावं लागतं. भाषांतरात थोडं इकडे-तिकडे होतंच. म्हणून डॉक्टर मार्जिन ठेवतात. बऱ्याच ठिकाणचा प्रघात खोलीच्या साडेतीन टक्के, वर मिलिमीटरभर. आठ सेंटीमीटर खोल गाठीसाठी हे झाले जवळजवळ चार मिलिमीटर. काकांनी लगेच बोटाच्या पेराएवढा द्राक्षमणी हवेत धरला आणि त्याचा पाव भाग दाखवला. ‘‘एवढा?’’ एवढाच. पण ब्रेनस्टेम तेवढ्यावरच आहे.

आत थांबलेल्या प्रोटॉनचा माग काढायचे प्रयत्न चालू आहेत आणि मला हा भाग जाम आवडला. प्रोटॉन वाटेत कार्बन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांना धडकतो, तेव्हा ती केंद्रं त्याच क्षणी गॅमा किरण सोडतात. ते शरीराबाहेर येतात. बाहेर जाड धातूची फट असलेला कॅमेरा ठेवला, तर गॅमा कुठपर्यंत निघाले ते दिसतं आणि त्यावरून प्रोटॉन कुठं थांबला ते. जर्मनीत ड्रेस्डेनला 2015 साली पेशंटवर हा कॅमेरा पहिल्यांदा वापरला. दुसरी वाट पेटची: धडकेत काही अणू थोड्या वेळापुरते किरणोत्सारी होतात, जसा अर्धायुष्य वीस मिनिटांचं असलेला कार्बन-11, आणि त्यांची खूण पेट स्कॅनरनं टिपता येते. डार्मश्टाटला 1997 पासून कार्बन आयनांच्या उपचारात हे करत होते, इटलीत पाव्हियाला उपचार चालू असतानाच करून बघितलंय. पण रोजच्या सरावात, प्रत्येक सेंटरला, प्रत्येक पेशंटला हे अजून पोचलेलं नाही. आज जगभर बहुतेक पेशंट चार मिलिमीटरच्या मार्जिनवर आणि फिजिसिस्टच्या हिशेबावर विसंबून झोपतात.

इथं मला एक कबूल करायचंय. प्रोटॉन म्हटलं की आपण ‘लेटेस्ट म्हणजे बेस्ट’ असं धरतो. मीही धरलं होतं. लहान मुलं, कवटीचा तळ, मणक्याजवळच्या गाठी इथं त्याचा फायदा चांगला समजतो. पण नेहमीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये आजचं चांगलं एक्स-रे रेडिएशन पुरतं. तुमच्या घरात कुणाला गरज पडलीच, तर आधी ‘आम्हाला हे का?’ विचारा आणि मग काकांचा प्रश्न विचारा. चांगला फिजिसिस्ट त्याला वैतागत नाही.

काकांची सर्दी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उपचार सुरू झाले. पिंपळगाव ते खारघर दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज ये-जा शक्यच नाही. काका-काकूंनी तिथंच खोली घेतली. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा बनवला, तो टेबलाला घट्ट बसवायचा, मग एक्स-रे काढून डोकं मिलिमीटरमध्ये जुळवायचं. सगळा वेळ त्यात जातो, प्रत्यक्ष धार मिनिटा-दोन मिनिटांची. काका दिवस मोजत होते. सदतीस झाले की सप्टेंबर संपणार आणि ऑक्टोबर छाटणीला ते बागेत असणार. एकही दिवस चुकता कामा नये. चुलतभावाला फोनवर रोज सूचना: लेबर सांगून ठेव, पेस्ट आणून ठेव, कात्र्यांना धार लाव.

तिसऱ्या आठवड्यात काकांना सर्दी झाली. मुंबईचा पाऊस, त्यात खोलीला ओल. आणि त्यांनी ती लपवली. टेबलावर जायच्या आधी नाक शिंकरून साफ करायचं, विचारलं तर ‘एकदम फर्स्टक्लास’. सर्दी आहे म्हटलं तर एक दिवस पुढं ढकलतील, मग छाटणी चुकेल, हा हिशेब.

आता बघा. नाकाच्या आसपास कवटीत पोकळ्या असतात, सायनस. सीटी काढला तेव्हा तिथं हवा होती. प्रोटॉनच्या दृष्टीनं हवा म्हणजे मोकळा रस्ता. सर्दीत ती पोकळी शेंबडानं भरली, तर एक सेंटीमीटर शेंबूड म्हणजे एक सेंटीमीटर पाणी. त्यातून जाणारी धार तेवढी अलीकडेच थांबणार. चार मिलिमीटरचं मार्जिन कुठल्या कुठं. उलटही होतं: सीटीच्या वेळी सर्दी असेल आणि नंतर नाक मोकळं झालं, तर धार पुढं जाईल. पुढं काय आहे, ते सांगितलंच. आणि नोझलमधले दोन्ही काटे? ते म्हणणार, सगळं बरोबर. माल मोजून गेला, ठरलेल्या दारानं गेला.

काकूंनी मला फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी: ‘‘अगं, यांचे रुमाल धुऊन धुऊन हात दुखले. वाफारा देऊ का विचार ना तुझ्या मैत्रिणीला.’’

मी मीटिंगमध्ये होते. उठून बाहेर आले. मैत्रिणीला फोन लावला, तिनं दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, आत्ता, लगेच, तिथल्या डॉक्टरांना सांग. मी काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना न विचारता सरळ सिस्टरना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी. जुना प्लॅन नव्या सीटीवर टाकून हिशेब केला. काकांच्या बाबतीत धारा मागून आणि बाजूनं येत होत्या, सायनसच्या वाटेनं नाही. तळाशी असलेल्या पोकळ्या टाळता येतील तेवढ्या टाळूनच प्लॅन केला होता. फरक सोसण्यातला निघाला. त्याच प्लॅनवर पुढं चालू.

मी त्या संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून होते आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

काका मात्र काकूंशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन. ‘‘म्हणजे त्या मशीनला माझी सर्दी दिसली नाही?’’

‘‘नाही काका. ती तुम्ही सांगायची असते.’’

‘‘हं.’’ मग बराच वेळ शांतता. ‘‘तुझ्या काकूला दिसली.’’

सदतीस बैठका झाल्या. छाटणी चार दिवस उशिरा झाली, कोणाचं काही बिघडलं नाही. आता दर काही महिन्यांनी एमआरआय. पहिल्या दोन्हीत तुकडा तेवढाच आहे. कॉर्डोमात ‘तेवढाच’ हा शब्द ऐकायला मिळाला की पेढे वाटतात, कारण मेलेली गाठसुद्धा जागा लवकर सोडत नाही. डाव्या कानानं थोडं कमी ऐकू येतं. गिळणं, चालणं, भांडणं व्यवस्थित.

डिसेंबरात गेले होते तेव्हा पहाटे साडेपाचला काका बागेत होते. धुकं, हातात टॉर्च. फवारणी सुरू व्हायची होती आणि ते वेलींच्या आतल्या अंगाला, पानांच्या मागे, पिवळ्या कागदाचे छोटे तुकडे चिमट्यानं लावत होते. पाण्याचा थेंब पडला की निळे होणारे कागद. असे पूर्वी लावायचे का, विचारलं. नाही म्हणाले, नोझल तपासून घ्यायचो, तेवढं पुरे वाटायचं.

ब्लोअर एक ओळ फिरून आला. काकांनी टॉर्च मारून एकेक कागद काढला. तिसऱ्या वेलीवर, घडाच्या पाठीमागचा, कोराच होता.

‘‘ट्रॅक्टर थांबव रे,’’ काका ओरडले. ‘‘मागं ये.’’